को जागर्ति?

कोजागिरीच्या रात्री लक्ष्मी आकाशातून फिरत येते आणि ‘कोण जागे आहे?’ असे विचारते, ही गोष्ट मी गेली वीस वर्षे वर्गात सांगत आलो आहे. जागा असेल त्याला वैभव मिळते. झोपला तो मुकला. मुले ऐकतात, आटीव दुधाच्या आठवणीने ओठांवरून जीभ फिरवतात आणि विसरून जातात. खरे सांगायचे तर मीही या गोष्टीचा कधी फारसा विचार केला नव्हता. परंतु २०२४ सालच्या कोजागिरीनंतर दोन दिवसांनी माझ्या पडवीत एक प्रश्न येऊन बसला, आणि तेव्हापासून लक्ष्मीचे ते विचारणे काहीसे अर्धवट राहिले आहे, असे मला वाटू लागले.

प्रश्न घेऊन आल्या होत्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आई. आमचे गाव कोकणच्या किनाऱ्यावरचे. वहिनींच्या यजमानांची उभी हयात मासेमारीत गेली. मुलगा मात्र शिकला आणि, आमच्याकडे म्हणतात तसा, ‘बोटीवर लागला’ – एका मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत. सहा वर्षांत त्याने किती समुद्र ओलांडले. पण त्याच्याच शब्दांत सांगायचे तर समुद्र काही पाहिला नाही. पाहिले ते तेल, उष्मा आणि घड्याळासारखे काटे. आता त्याचा करार कॅनरी बेटांतल्या लास पाल्मास बंदरात संपला होता, आणि घरचे विमान धरण्याऐवजी तिथूनच एका शिडाच्या नौकेवर चढून अटलांटिक महासागर ओलांडण्याचा त्याचा बेत होता. नौका चाळीस फुटांची. मालक एक निवृत्त युरोपीय जोडपे. त्यांना हाताशी दोन माणसे हवी होती. मला त्याने पत्र लिहिले होते, ‘सर, जाऊ का?’ आईला त्याने विचारले नव्हते, नुसते कळवले होते. म्हणून त्या माझ्याकडे आल्या होत्या.

‘पगार किती देणार, गुरुजी?’

‘पगार नाही,’ मी म्हणालो. ‘उलट जेवणाखाणाचा आपला वाटा त्यानंच भरायचा.’

वहिनी बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. ‘म्हणजे जीव धोक्यात घालायचा, आणि वर पैसे भरायचे?’

‘यजमान तुमचे रोजच जात होते की!’

‘ते पोटासाठी, गुरुजी.’

त्या एका वाक्याने माझी पंडिती थांबली. पोटासाठी धोक्यात घातलेला जीव शहाणपणाचा आणि मनासाठी घातलेला वेडेपणाचा, हा न्याय आपण सगळेच मनातून मानतो. एके काळी तर आपल्याकडे समुद्र ओलांडणेच निषिद्ध होते. विलायतेहून आलेल्याला प्रायश्चित्त घेतल्यावाचून पंक्तीला बसता येत नसे. ती सिंधुबंदी गेली, पण ‘कशासाठी?’ हा दाराशी उभा असलेला जकातदार काही गेला नाही. मला स्वतःला हा जकातदार मान्य नाही. मनुष्य नुसता पोटासाठी जगत असता तर दिवाळीत पणत्या कुणी लावल्या असत्या? तेल काय खायलाही लागतेच! तेव्हा आपला जीव आपण एका उमद्या हौसेसाठी पणाला लावावा की नाही, हा प्रश्न मी त्या मुलावर सोडून दिला असता. पण पत्र पुन्हा वाचताना माझ्या ध्यानात आले की, खरा प्रश्न तो नव्हेच. त्या नौकेवर त्याचा एकट्याचा जीव नव्हता. चार होते, आणि त्यांतला प्रत्येक जण उरलेल्या तिघांच्या हाती होता.

हा व्यवहार कसा चालतो, हे मी त्या निमित्ताने समजून घेतले. कोलंबस १४९२ साली कॅनरी बेटांवरूनच पश्चिमेला निघाला, तो उगाच नव्हे. त्या बाजूने ईशान्येचे व्यापारी वारे पाठीवर येतात आणि शिडाची नौका पलीकडे कॅरिबियन बेटांपर्यंत लोटत नेतात. ‘लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा, मग पश्चिमेला वळ’ अशी त्या वाटेची जुन्या खलाशांची म्हणच आहे. वादळांचा मोसम नोव्हेंबरअखेर सरतो; म्हणून सुमारे त्या वेळेपासून पुढचे काही आठवडे हा प्रवासाचा काळ. लास पाल्मासहून सेंट लुशिया बेटापर्यंत सुमारे २७०० सागरी मैल, म्हणजे ५००० किलोमीटर. चाळीस फुटी नौकेला साधारण तीन आठवडे लागतात. १९८६ पासून दरवर्षी नौकांचा एक मोठा ताफाच तिथून एकत्र निघतो. त्या दिवसांत धक्क्यावर पाठीला पिशवी लावलेली तरुण मुले-मुली नौकेनौकेपाशी जाऊन विचारतात, ‘माणूस हवा आहे का?’ मालक वर बोलावतो, कॉफी देतो, चार प्रश्न विचारतो, आणि दोन कप कॉफीच्या आधारावर पूर्वी कधीही न भेटलेली माणसे एकमेकांच्या हाती आपले प्राण सोपवतात. आपल्याकडे मुलगी द्यायची तर सात पिढ्यांची चौकशी होते!

आता तीन आठवडे चाललेली नौका रात्री कुठे थांबत नाही. मध्ये नांगर टाकायला जागाच नाही. तळ हजारो मीटर खाली. तेव्हा दिवस-रात्र कोणीतरी जागे राहिलेच पाहिजे. टकरी टाळण्याविषयीचे १९७२ चे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांतला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक नौकेने सर्व काळ, डोळ्यांनी आणि कानांनी, योग्य तो पहारा ठेवला पाहिजे. लहान-मोठे असा भेद त्यात नाही. आणि तो नियम किती खरा आहे हे साध्या त्रैराशिकाने कळते. समोरून ताशी वीस सागरी मैल वेगाने जहाज येत आहे, तुमची नौका सहाच्या वेगाने त्याच्याकडे जात आहे. सहा मैलांवर त्याचा दिवा दिसला तर तुमच्या हाती मिनिटे उरली चौदा. तेवढ्यात चहा उकळतो, माणसाला एक डुलकी लागते.

म्हणून पाळ्या लावतात. चार माणसे असली तर रात्री प्रत्येकी तीन-तीन तास. एक जण वर, अंगातला पट्टा नौकेला दोराने अडकवून बसलेला. तिघे खाली आपापल्या अरुंद फळीवर, डोलण्याने खाली पडू नये म्हणून कडेला कापड ताणून झोपलेले. वरचा माणूस वारा पाहतो, शीड पाहतो, दर काही मिनिटांनी क्षितिजावरून नजर फिरवतो. यंत्रे मदतीला असतात. पण यंत्राने हाक मारली तर ती ऐकायला कान जागा लागतो. जुन्या मोठ्या जहाजांवर चार-चार तासांच्या पाळ्या असत, आणि संध्याकाळी चार ते आठची पाळी मुद्दाम दोन तुकड्यांत तोडत. त्यामुळे दिवसाच्या पाळ्या सहाऐवजी सात होत, आणि मध्यरात्रीची अवघड पाळी रोज एकाच्याच कपाळी येत नसे. हे मला फार आवडले. ज्या कोणी हा हिशेब बसवला, त्याला गणिताइतकीच माणसेही कळत असली पाहिजेत.

एकट्याने समुद्र ओलांडणारे असतात, त्यांचे काय, असे कोणी विचारील. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा १९६८-६९ साली ३१२ दिवसांत कुठेही न थांबता एकटा पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. त्याची ‘सुहैली’ ही बत्तीस फुटी नौका आपल्या मुंबईत, सागवानात बांधलेली. तिच्यावरून १९६५ च्या डिसेंबरात तो मुंबईहून प्रथम निघाला, तेव्हा त्याचा भाऊ आणि आणखी एक सोबती त्याच्याबरोबर पाळ्या करीत होते. पुढे एकटा गेला, तेव्हा झोपलेल्या वेळी पहारा कुणाचा? कुणाचाच नव्हे. तो त्याने दैवावर सोपवला. म्हणूनच एकट्याच्या सफरीकडे पाहताना कौतुकाबरोबर माझ्या मनात थोडी कुरकुरही असते.

आणि एकटा तरी खरोखर एकटा असतो का? सुहैलीच्याच नमुन्यावर गोव्यात बांधलेली ‘तुरिया’ घेऊन अभिलाष टॉमी २०१८ साली तशाच एकट्याच्या शर्यतीत उतरले. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात नौका उलटली, डोलकाठ्या मोडल्या, पाठीला जबर दुखापत होऊन ते अंथरुणाला खिळले. त्या वेळी याच शर्यतीतला आयर्लंडचा ग्रेगर मॅकगकिन, ज्याच्या स्वतःच्या डोलकाठ्या त्याच वादळात मोडल्या होत्या, तो तशा अवस्थेत त्यांच्या दिशेने निघाला. शेवटी ‘ओसिरिस’ या फ्रेंच नौकेने आधी टॉमींना आणि मग मॅकगकिनलाही उचलले. शर्यत एकट्यांची होती. पण प्राणावर बेतले तेव्हा कोणीतरी कुणाच्या तरी पाळीवर उभे होतेच.

इथवर सारे लक्ष्मीच्या बाजूचे झाले. जो जागा तो श्रेष्ठ. पाळीवर असताना झोपला त्याच्यासारखा अपराधी नाही, हे कुणालाही पटेल. परंतु या सगळ्या वाचनात मला एक गोष्ट पुनःपुन्हा आढळली, आणि ती मात्र माझ्या जिव्हारी लागली. जाणते खलाशी नव्या माणसाला एक बजावतात: आपली पाळी संपली की झोप. काळजीने, कुतूहलाने, शौर्याने, कसल्याही कारणाने जागत बसू नकोस. कारण दुसऱ्याच्या पाळीत जागणारा आपल्या पाळीत झोपतो. मग ती नौका दोघांच्याही भरवशावर नसते.

२०२४ च्या २ ऑक्टोबरला आपल्या नौदलाच्या दोन अधिकारी, दिलना के. आणि रूपा ए., ‘तारिणी’ या नौकेवरून गोव्याहून निघाल्या आणि २०२५ च्या २९ मे रोजी पृथ्वीला वळसा घालून परत आल्या. दोघीच. याच तारिणीवर २०१७-१८ साली सहा जणींनी २५४ दिवसांत प्रदक्षिणा केली होती. सहांच्या जागी आता दोघी. मी विचार करू लागलो: दोघींतली एक जागी, तर दुसरीने झोपायचे. बाहेर दक्षिण महासागराची लाट डोंगराएवढी, आणि आत डोळे मिटायचे. जागणाऱ्या बाईचे धैर्य आपल्या चटकन लक्षात येते. झोपणारीचे धैर्य कुणाच्या लक्षात येते?

हे जिव्हारी का लागले, ते सांगितले पाहिजे. बारा वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. मधूनच ते डाव्या हातावर जोर देऊन उठायला पाहत. म्हणून रात्री कोणीतरी उशाशी बसणे भाग होते. माझी धाकटी बहीण सासरहून आली. आम्ही पाळ्या ठरवल्या: दहा ते दोन तिची, दोन ते सहा माझी. पण तिच्या पाळीत मी झोपत नसे. शेजारच्या खोलीत पडून कान लावून असे. तिने औषध वेळेवर दिले का, कूस बदलली का, हे पाहायला दोन-दोनदा उठून जात असे. ‘दादा, झोप ना तू,’ ती म्हणे. मी म्हणे, ‘मला झोपच येत नाही.’ खरे सांगतो, ते म्हणताना मला स्वतःचा अभिमान वाटत असे. आल्यागेल्यालाही मी सांगत असे की, आठवड्यात माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही.

आठव्या रात्री, माझ्या पाळीत, माझा डोळा लागला. केव्हा, ते कळले नाही. पहाटे बहीण चहा घेऊन आली तेव्हा मी खुर्चीत होतो आणि वडील खाटेखाली शहाबादी फरशीवर, कुशीवर पडलेले होते. त्यांना हाक मारता येत नव्हती. डावा हात त्यांनी माझ्या खुर्चीच्या पायापर्यंत आणला होता. तिथवर पोचून तो थांबला होता.

पुढे दीड महिना ते जगले. त्या पडण्याने गेले असे डॉक्टर म्हणाले नाहीत. पण उठून बसण्याची जी थोडी उमेद त्यांच्यात दिसत होती ती मात्र त्या रात्रीनंतर दिसली नाही. बहिणीने मला एका शब्दाने दोष दिला नाही. तेराव्याला पाहुणे पांगल्यावर ती एवढेच म्हणाली, ‘दादा, माझ्या पाळीत तू झोपला असतास तर रे?’

त्या वेळी मला ती तक्रार वाटली. मी माझ्या थकव्याचा, प्रेमाचा, कर्तव्याचा पाढा वाचला. ती काय म्हणत होती हे कळायला मला अटलांटिकपर्यंत जावे लागले. माझे जागरण हे प्रेम नव्हते; निदान नुसते प्रेम नव्हते. त्यात ‘मीच काय तो’ होता. तिच्या चार तासांवर माझा विश्वास नव्हता, आणि त्या अविश्वासाची किंमत मी भरली नाही, वडिलांनी भरली. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति झोपणाऱ्याबरोबर अति जागणाऱ्यालाही योग साधत नाही असे सांगितले आहे. तो श्लोक मला शाळेपासून पाठ होता. पण त्यातला झोपाळू मी नेहमी दुसऱ्या कुणाला समजलो, आणि जागणाऱ्याकडे कधी वळून पाहिलेच नाही.

आपल्या घराघरांत असे जागणारे असतात. दिवाळीचा फराळ दुसऱ्या कुणाला जमणार नाही म्हणून रात्री दोनपर्यंत चकल्या पाडणारी बाई. मुलगा चाळिशीचा झाला तरी किल्ल्या कमरेलाच ठेवणारे आजोबा. मुलांना एक तक्ता लावू न देता सारा वर्ग स्वतःच सजवणारा माझ्यासारखा मास्तर. आपण त्यांना कष्टाळू म्हणतो, आणि ते असतातही. पण इथे एक अन्याय होऊ देता कामा नये. जागणाऱ्या प्रत्येकाला विश्वास नसतो असे नाही. कित्येकींना पाळी बदलायला दुसरे माणूसच मिळत नाही. सासू-सासऱ्यांच्या, मुलांच्या, आजाऱ्याच्या उशाशी आपल्याकडे एकाच बाईची पाळी वर्षानुवर्षे चालू राहते, आणि तिच्या त्यागाचे गोडवे गात बाकीचे घोरत असतात. तिला विश्वास शिकवायला जाणे हा निर्लज्जपणा आहे. तिला शिकवायचे नसते. उठून तिच्या जागी बसायचे असते.

आणि विश्वास म्हणजे डोळे झाकून उडी नव्हे. वहिनींनी त्या दिवशी जाता जाता मला एक प्रश्न विचारला. सगळ्या चौकशांत शहाणा प्रश्न तोच होता. ‘गुरुजी, तांडेल कसा आहे?’ त्या म्हणाल्या, ‘हे होडीवर जायचे तेव्हा मी दुसरं काही विचारायची नाही. दर्याचं कोण सांगणार? तांडेल कोण ते विचारायची. जागता तांडेल असला की मी आपली झोपायची.’

मी मुलाला जे उत्तर लिहिले ते बहुतेक त्यांचेच होते. मी लिहिले: जायचे की नाही ते तू ठरव, पण घाई करू नकोस. आठ दिवस धक्क्यावर त्यांच्याबरोबर नौकेचे काम कर. एक रात्र किनाऱ्याजवळ फिरून या. काही सांडले, मोडले, चुकले की कप्तान कुणावर ओरडतो ते पाहा. बायकोचे ऐकतो का ते पाहा. जीवरक्षक तराफा कुठे आहे, पट्टे किती आहेत, हे न लाजता विचार. शंका घ्यायची ती दोर सुटेपर्यंत पोटभर घे, आणि पटले नाही तर खाली उतर. त्यात कमीपणा नाही. पण एकदा दोर सुटला की शंकेचे दिवस संपले. जमिनीवर आपल्याला एक मोठी सोय असते: पटले नाही की उठून जाता येते. नोकरी सोडता येते, गाव सोडता येते, पंक्तीतून उठता येते. तिथे हजार मैलांवर उठून जायला जागा नाही. म्हणून तिथला शब्द इथल्यापेक्षा जड असतो. आपल्या पाळीत जागा राहा, हे तुला कोणीही सांगेल. मी तुझा मास्तर म्हणून दुसरे सांगतो: दुसऱ्याच्या पाळीत झोप.

वडिलांचे मी त्याला लिहिले नाही. ते आज इथे प्रथमच लिहीत आहे.

तो गेला. नोव्हेंबरच्या शेवटी निघाला, आणि डिसेंबरात बाविसाव्या दिवशी सेंट लुशियाला पोचला. पोचल्यावर त्याचे लांबलचक पत्र आले. उडणारे मासे पहाटे नौकेवर येऊन पडत. केळ्यांचा घड एकाच दिवशी सगळा पिकला आणि तीन दिवस सगळ्यांनी केळीच खाल्ली. भांडी खाऱ्या पाण्यात घासायची. असे बरेच होते. मी ते पत्र घेऊन वहिनींकडे गेलो आणि त्यांच्या अंगणात बसून मोठ्याने वाचून दाखवले. शेवटी शेवटी त्याने लिहिले होते:

‘सर, पहिल्या चार रात्री माझ्या पाळीत कप्तान दर अर्ध्या तासाने वर डोकावत होता. काही बोलायचा नाही, एकदा आकाशाकडे बघायचा, एकदा माझ्याकडे, आणि खाली जायचा. मला राग यायचा. पाचव्या रात्री तो आला नाही. मी वाट पाहिली. मग खालून त्याच्या घोरण्याचा आवाज यायला लागला. सर, चहूकडे काळे पाणी, वर एवढे तारे, आणि तो म्हातारा खाली घोरतोय. पाळी संपल्यावर मीही खाली जाऊन असा झोपलो की मला जेवायला हलवून उठवावे लागले.’

वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपात थांबला.

‘तांडेल झोपला?’ त्यांनी विचारले.

‘झोपला.’

त्या हसल्या. सूप बाजूला ठेवून त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, ‘मग आमचा पोरगा कामाचा झाला म्हणायचा.’